जाजमावरची सनई

आकाराम वाजंत्र्यानं पैशांचं विचारलंच नाही. तो म्हणाला, “त्ये बघू की मागनं. बसायचं कुटं, त्ये आदी सांगा.”

दत्तोपंत गडबडले. ते माझे मावसभाऊ. नाटक कंपनीत ऑर्गन वाजवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि कंपनी बुडाल्यावर ते कोल्हापुरातल्याच एका सिनेमा स्टुडिओत संगीत दिग्दर्शक झाले. मी तेव्हा एका वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करत होतो. त्यांनी मागितली म्हणून दोन-तीन बोलपटांसाठी गाणी लिहिली होती. स्वतःला गीतकार म्हणवून घ्यायचा धीर मला तेव्हा नव्हता, आणि आता तर ती गाणी मी वाचूही शकत नाही.

“बसायचं म्हणजे?” दत्तोपंतांनी विचारलं.

“म्हंजी बसायचंच. आमाला मांडवाभाईर बसवत्यात. देवळात गेलो तर नगारखान्यात. तुमच्या सिनेमात कुटं?”

“जाजमावर,” दत्तोपंत म्हणाले. “माझ्या शेजारी.”

आकारामनं माझ्याकडं पाहिलं. साठीच्या आसपासचा, काटक, गालफडं बसलेला माणूस. फुंकून फुंकून गळ्याच्या शिरा दोरीसारख्या झालेल्या. “ह्ये मास्तर साक्षीला हाईत बरं का,” तो म्हणाला, आणि मी मान हलवली. ब्रह्मपुरीच्या टेकाडाखालच्या त्याच्या घराच्या अंगणात एवढंच ठरलं आणि आम्ही परतलो.

साल एकावन्न. बोलपटात सासरी निघालेल्या मुलीचं एक गाणं होतं. मी लिहिलं होतं, “उंबऱ्याशी थांबले मी, पाऊल पुढं पडेना.” दत्तोपंतांना त्यात सनई हवी होती. आधी त्यांनी बँडवाल्याची क्लॅरिनेट वाजवून पाहिली. ऐकून स्वतःच म्हणाले, “लग्नाला पोलीस आल्यासारखं वाटतंय.” मग कोणीतरी आकारामचं नाव काढलं.

स्टुडिओ रंकाळ्याच्या बाजूला होता. गाणी ध्वनिमुद्रित करायची जागा म्हणजे पत्र्याचं लांबट गोदाम. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना शाहूपुरीतल्या गुळाच्या वखारींतून आणलेली गोणपाटं टांगली होती. त्यांना गुळाचा वास यायचा आणि मुंगळे कायमचे वस्तीला असायचे. तबलजी बसण्याआधी जाजम झटकून घ्यायचा.

मायक्रोफोन एकच. गाणारी मुलगी, पेटी, तबला, दोन व्हायोलिनं, सगळ्यांचे आवाज त्या एकाच जाळीत शिरायचे आणि शेजारच्या खोलीतल्या यंत्रात जाऊन फिल्मवर उतरायचे. तिथं कानांवर डबडी चढवून विरूपाक्ष बसलेला असे. तो जयसिंगपूरचा. घरी कानडी बोलणारा, रेडिओ दुरुस्त करता करता या धंद्यात आलेला, बुद्धीनं फार तल्लख. कोणाचा आवाज किती ठेवायचा याला त्याच्याकडं एकच उपाय होता. ज्याचा आवाज बारीक त्याला पुढं घ्यायचं आणि ज्याचा मोठा त्याला मागं सरकवायचं. पुढं पुढं प्रत्येकाला वेगळा मायक्रोफोन मिळू लागला म्हणे. आमच्या वेळी माणूसच हलवावा लागे.

ठरल्या दिवशी आकाराम आला. धुतलेलं धोतर, काळा कोट, जरीच्या काठाचा फेटा. दारात वहाणा काढून, ठरल्याप्रमाणे दत्तोपंतांच्या शेजारी जाजमावर मांडी घालून बसला. बसल्यावर त्यानं जाजमावरून एकदा हात फिरवला, हे मी पाहिलं. सनईची पत्ती ओठांत भिजवत तो सगळ्यांकडं शांतपणे बघत राहिला.

गाणार होती सरोजिनी, सतरा-अठरा वर्षांची. तिची आई, म्हणजे माई, प्राथमिक शाळेत शिकवायच्या. मुलीला एकटीला स्टुडिओत पाठवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून त्या खडीसाखरेची डबी घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायच्या.

पहिली तालीम झाली. आकारामनं पहिला सूर लावला आणि विरूपाक्ष खोलीतून धावत बाहेर आला. डबडी अजून कानांवरच होती.

“अय्यो, अय्यो! थांबा! काटा पार टोकाला जाऊन आपटला. ही मुलगी तर कुठं ऐकूच येत नाही.”

“जरा हळू फुंकता येईल का?” दत्तोपंतांनी विचारलं.

“हळू फुकली की ती बोलत न्हाय. खोकती.”

मग विरूपाक्षनं त्याला जाजमाच्या कडेला बसवलं. आकाराम सरकला. पुन्हा तालीम, पुन्हा विरूपाक्ष बाहेर. आता जाजम सोडून भिंतीपाशी. आकाराम उठला, भिंतीपाशी गेला. मुंगळ्यांची रांग ओलांडून उघड्या फरशीवर बसला. पुन्हा तालीम. आता दारापाशी. तो दारापाशी गेला.

“अजून थोडं,” विरूपाक्ष खोलीच्या दारातून म्हणाला. “बाहेर पडवीत बसलात की बरोबर होईल बघा.”

पडवीत सगळ्यांच्या चपला होत्या.

आकाराम उठला. वाटलं, जाईल. पण त्यानं सनई काखेत धरली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. “हितनं म्होरं न्हाय,” तो म्हणाला.

“अहो, माप आहे ते,” विरूपाक्ष म्हणाला. “मशीनचं माप. त्यात दुसरं काही नाही. मशीनला काय कळतंय कोण कुठला?”

“मशीनला न्हाय कळत. तुला कळतंय न्हवं?”

विरूपाक्ष लाल झाला. खरं म्हणजे त्याच्या मनात काही नव्हतं. तबलजी खाली बघून तबल्यावरची शाई पुसल्यासारखं करू लागला. आकाराम मांडवाबाहेर का बसायचा हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ते बोलून दाखवायची वेळ एवढी वर्षं कोणावर आली नव्हती, इतकंच.

दत्तोपंत माझ्या कानाशी लागले. “नृसिंह, तू जा. तू बोल त्याच्याशी. मालकांनी आजच्यापुरतीच फिल्म दिलीय. आणि क्लॅरिनेट मी घेणार नाही.”

“मी काय बोलू?”

“तू वाचतोस ना एवढं? त्यातलं काहीतरी सांग.”

मला माणसांशी बोलणं कधी जमलं नाही. वाचनालयात लोक पुस्तकाचं नाव सांगायचे, मी पुस्तक द्यायचो, तेवढ्यात निभून जायचं. आकाराम तोवर पडवीच्या पायरीवर वहाणा घालायला बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. म्हणालो, “जुन्या ग्रंथांत फुंकून वाजवायच्या वाद्यांना फार मान दिलाय.”

“आसंल. बसायची जागा लिवलीया का त्यात?”

मी आठवून पाहिलं. “नाही,” म्हणालो.

तो हसला नाही, पण वहाणा घालायचाही थांबला. म्हणाला, “मास्तर, किती लगनं वाजवली द्येव जाणं. पर ऐन येळंला एक नवरी बघितल्याली न्हाय. आंतरपाट निघतो तवा समदी मांडवात टाचा वर करून उभी ऱ्हात्यात, आनी मी भाईर, कनातीकडं त्वांड करून. ‘वाजवा रं’ म्हटलं की फुकायचं. एकदा एका म्हातारीनं माझ्या बी हातात अक्षता दिल्या. आता मी त्या टाकू कुटल्या हातानं? दोनी हात सनईवर. ऱ्हायल्या खिशात. घरी जाऊन कोंबड्यांस्नी घातल्या.”

“मग?”

“मग काय? तुमी म्हणालासा जाजमावर बसवतो. मला वाटलं, ह्यो सिनेमा नवीन हाय, हितं जुनं काय नसंल.” त्यानं अंगठ्यात वहाण अडकवली. “नवीन मशीन आनलं, आनी त्यानं बी मला दारातच बसवलं.”

या माणसाला आणखी बाहेर बसायला सांगावं असं माझ्या मनात नव्हतं, आणि सांगितलं नाही तर दत्तोपंतांचं गाणं जात होतं. उठून आत जावं तर काय सांगू, म्हणून तिथंच बसून राहिलो.

तेवढ्यात मागून आवाज आला. सरोजिनी दारात उभी होती. तिनं आमचं बोलणं ऐकलं असावं.

“विरूपाक्षदादा,” तिनं आत वळून विचारलं, “सनई माझ्यापासून लांब पाहिजे, एवढंच ना?”

“तुझ्यापासून म्हणजे मायक्रोफोनपासून.”

“मग मायक्रोफोन इकडं आणा. मी इथं गाते. ते आत बसतील.”

विरूपाक्षनं दारापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत मनातल्या मनात पावलं टाकली. “अंतर तेच पडेल,” तो पुटपुटला. “पण बाहेरचा आवाज? कावळे? टांगे?”

“नाही म्हणजे नाही,” माई खुर्चीतून उठल्या. “उंबऱ्यावर बसत नाहीत, सरू. घरातली साधी गोष्ट आहे.”

“मी बसत नाही, आई. उभी राहते. गाण्यातली मुलगी उंबऱ्यावरच उभी आहे की! हो ना, काका?”

काका म्हणजे मी. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी एवढंच म्हणालो की होय, पहिल्याच ओळीत उभी आहे. माझ्या एखाद्या ओळीचा कोणाला उपयोग झाल्याचं मला हे एकच उदाहरण आठवतं.

माई क्षणभर मुलीकडं आणि मग पायरीवरच्या आकारामकडं बघत राहिल्या. शाळेत पोरांच्या बसण्याच्या जागा ठरवण्यात त्यांचा जन्म चालला होता. “उभी राहणार असशील तर चालेल,” त्या म्हणाल्या. “आणि घसा कोरडा पडला तर मला सांग, वारं लागेल तिथं.”

मग जी पळापळ झाली ती बघण्यासारखी होती. विरूपाक्षनं मायक्रोफोन दाराबाहेर पडवीत आणला. सरोजिनी उंबऱ्यावर, त्याच्याकडं तोंड करून उभी राहिली. तिच्याजवळ पेटी, तबला, व्हायोलिनं हवीत, म्हणून ती सगळी मंडळी दाराच्या तोंडाशी आली. तिथं जागा पुरेना. शेवटी चपला बाजूला सारून दत्तोपंतांची पेटी पडवीत मांडली. तबलजी कुरकुरला, “खाली मुंगळे हायती, पंत.” पंत म्हणाले, “ते गुळाचे आहेत, तुला नाही चावायचे.”

जाजम होतं तिथंच राहिलं. त्याच्या अगदी वरच्या टोकाला, पलीकडच्या भिंतीशी, एक लोड ठेवलेला असे. मालक गाणी ऐकायला आले की तिथं टेकायचे. विरूपाक्ष आकारामला तिथंपर्यंत घेऊन गेला आणि म्हणाला, “इथं. इथंच बरोबर आहे.”

आकारामनं लोडाकडं पाहिलं. मग लांबवर दाराबाहेर बसलेल्या दत्तोपंतांकडं पाहून ओरडला, “ओ पंत! तुमी शेजारी बसवतो म्हणालतासा की!”

“अरे, मी चपलांत बसलोय बाबा! आणखी काय करू?”

तेव्हा आकाराम हसला. त्याचे पुढचे दोन दात नव्हते, हे आम्हाला तेव्हा कळलं. फेटा सारखा करून तो लोडाला न टेकता, ताठ बसला.

बाहेर शांतता ठेवायचं काम गुंडू पहारेकऱ्याकडं. तो काठी घेऊन फाटकात उभा राहिला आणि येणारा प्रत्येक टांगा अडवून टांगेवाल्याच्या कानात “आत गाणं चाललंय, घोडं चालीवर घे” असं सांगू लागला. कावळ्यांना तो दगड दाखवायचा, मारायचा नाही. सगळं जमलं असं वाटलं तेवढ्यात गगनबावड्याची एस्टी कण्हत आली. ती वळणापार जाईपर्यंत सगळे श्वास धरून बसलो. गुंडूनं काठी वर केली. विरूपाक्षनं खोलीतून हात दाखवला.

आकारामनं सूर लावला.

मी चपलांच्या ढिगापाशी उभा होतो. तालमीत हीच सनई कानावर आदळत होती. आता ती त्या लांब गोदामाच्या तळातून, गोणपाटांतून गाळून आल्यासारखी येत होती. दोन गल्ल्यांपलीकडं कोणाचं तरी लग्न असावं आणि वाऱ्याबरोबर आवाज यावा, तसं काहीसं वाटलं. त्यावर सरोजिनीचा आवाज अगदी जवळ, कानाशी बोलल्यासारखा. ती एका हातानं दाराची चौकट धरून गात होती. ते कोणी तिला सांगितलं नव्हतं. कडव्यांच्या मधे सनई यायची आणि ती आत वळून बघायची, नि पुन्हा मायक्रोफोनकडं तोंड करून पुढची ओळ घ्यायची. माई खडीसाखरेची डबी उघडून तशीच धरून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी फिल्म धुऊन आली आणि आम्ही गाणं ऐकलं. दत्तोपंतांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. “हे मला सुचलं नसतं,” ते म्हणाले. विरूपाक्ष म्हणाला, “मला सुचलं असतं, पण मी सुचू दिलं नसतं. ध्वनीच्या नियमात बसत नाही.”

बोलपट पडला. तो कसा होता हे मी सांगणार नाही, कारण संवादही थोडे माझेच होते. पण गाण्याची तबकडी निघाली आणि ती चालली. लग्नसराईत गल्लोगल्ली वाजू लागली. लोक म्हणायचे, ती सनई लांबून येते ना, तिथं काळजात काहीतरी होतं. दत्तोपंतांची ती खूणच झाली. पुढं ते बासरी लांब बसवू लागले, कधी कोरससुद्धा. पुण्या-मुंबईकडचे लोक विचारायचे, हे कसं साधता? दत्तोपंत गूढ हसायचे. तबकडीवर सरोजिनीचं आणि दत्तोपंतांचं नाव होतं. आकारामचं नव्हतं, तेव्हा वाजवणाऱ्यांची नावं छापत नसत. मी त्याला हे भीत भीत सांगितलं, तर तो म्हणाला, “वळकणारं वळकत्यात की.”

पण एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली होती. कर्णा आणि तबकडी आल्यापासून लोक वाजंत्र्यांना कमी बोलवू लागले होते. त्याच्याच सनईनं त्याचं काम नेलं की काय? पुन्हा ब्रह्मपुरीला गेलो तेव्हा मी विचारलं. आकाराम पत्ती तासत बसला होता. “कमी झालीत की बोलावणी,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू? पर देवळातलं हाय. आनी दम बी पैल्यासारका ऱ्हायला न्हाय, मास्तर. उन्हात वरातीम्होरं चालायचं आता तबकडीनं, मी न्हाय.” त्याचं हे बोलणं मी माझ्या समाधानासाठी खरं मानलं, की ते खरंच होतं, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

दोन वर्षांनी सरोजिनीचं लग्न ठरलं. माई स्वतः आकारामकडं अक्षत द्यायला गेल्या. मी बरोबर होतो. त्यांनी कुंकू लावलेल्या अक्षता पुढं केल्या, तसा तो उभा राहिला.

“वाजवायला का जेवायला, बाई?”

“जेवायला,” माई म्हणाल्या. “वाजवायला तुमची तबकडी आहे. पण तुम्ही वेळेवर या, मुहूर्ताच्या आधी. नंतर जेवायला येणारे मला आवडत नाहीत.”

मांडव गल्लीतच घातला होता. कर्णेवाला बाळासो, त्याचा ग्रामोफोन आणि भला मोठा पितळी कर्णा मांडवाच्या दाराशी, लिंबाला बांधलेला. आकाराम आला तो तोच काळा कोट आणि तोच फेटा घालून, पण हात मोकळे. हातांचं काय करावं हे त्याला कळत नसावं. एकदा पाठीमागं बांधले, एकदा कोटाच्या खिशात घातले. माईंनी त्याला पुढच्या जाजमावर, दत्तोपंत आणि माझ्या मधे बसवलं. माईंच्या सासरकडच्या एक-दोघांनी माना वळवून पाहिलं. माई त्यांच्याकडं वर्गात बघावं तसं बघत राहिल्या, तेव्हा माना सरळ झाल्या.

अक्षता वाटल्या. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळे उभे राहिले. प्रत्येक ‘सावधान’ला लोक चिमूटचिमूट अक्षता टाकत होते. आकारामनं मूठ मिटलेलीच ठेवली. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “टाका की हो.”

“थांबा, पावणं. माझी येळ यायचीया.”

शेवटचं कडवं आलं. भटजींचा आवाज चढला. आकारामनं खोल श्वास घेतला, सनई लावण्याआधी घ्यायचा तसा. छाती भरली, गळ्याच्या शिरा तट्ट उभ्या राहिल्या. ‘सावधान’ झालं, अंतरपाट निघाला, कोणीतरी “वाजवा!” म्हणून ओरडलं, आणि बाहेर लिंबावरच्या कर्ण्यात त्याचीच सनई सुरू झाली. त्यानं टाचा उंचावून हात मागं नेला आणि मूठभर अक्षता एकदम भिरकावल्या. नेम चुकला. सगळ्या भटजींच्या टकलावर पडल्या. भटजी डोळे मिटून घेऊन तसेच आशीर्वाद देत राहिले. दत्तोपंतांना हसू आवरेना.

आकारामचं तिकडं लक्ष नव्हतं. तो टाचा उंचावूनच उभा होता. सरोजिनीनं हार घालता घालता आमच्याकडं पाहिलं आणि त्याला पाहून मान लववली.

“दिसली का नवरी?” मी विचारलं.

“दिसली की.” रिकामी मूठ त्यानं अजून उघडली नव्हती. “ह्येच्यापायी समदी टकुरी वर काढत्यात व्हय.”

मग तो खाली बसला, फेटा सारखा केला आणि कान देऊन ऐकू लागला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

“मास्तर,” तो म्हणाला, “त्यो कर्णा लई जवळ लावलाय. कानात बोंब मारतोय नुसता. त्या बाळासोला सांगा, मागं सरकीव म्हनावं. भाईर, गल्लीच्या त्वांडाला. मग बगा कसा गोड लागतोय.”

मी उठलो, चपला घातल्या आणि बाळासोला सांगायला बाहेर गेलो.